बढतीच्या पत्राआधी

चाकण असो, वाळूज असो, सातपूर असो की गोकुळ शिरगाव, आपल्या एमआयडीसींमध्ये पहिल्या पायरीचा सुपरवायझर बहुधा एकाच रीतीने तयार होतो. जुना सुपरवायझर नोकरी सोडतो. प्रॉडक्शन मॅनेजर लाइनवरच्या सगळ्यांत हुशार ऑपरेटरला केबिनमध्ये बोलावतात, त्याचं अभिनंदन करतात आणि सांगतात, ‘सोमवारपासून दुसरी शिफ्ट तू बघायचीस.’ एचआरकडून पत्र मिळतं, वेगळ्या रंगाचा शर्ट मिळतो. तयारी एवढ्यावरच संपते.

पुढे काय होतं हे शॉपफ्लोअरवर वावरलेल्या कुणालाही ठाऊक आहे. रिजेक्शन वाढलं की हा माणूस स्वतःच मशिनवर उभा राहतो, कारण ते काम त्याला उत्तम येतं. हेल्पर आले नाहीत तर स्वतः ट्रॉली ओढतो. चुकणाऱ्यावर एक तर ओरडतो, नाहीतर त्याची चूक गुपचूप निस्तरतो. वर्ष सरता सरता कारखान्याने एक चांगला ऑपरेटर गमावलेला असतो आणि सुपरवायझर काही हाती लागलेला नसतो. यात त्या माणसाचा दोष नाही. नव्या सीएनसी मशिनवर आपण कुणालाही शिकवल्याशिवाय उभं करत नाही. वीस-पंचवीस माणसांची शिफ्ट मात्र बिनदिक्कत हातात देतो.

कारखानदार, प्लांट हेड, एचआरचे लोक आणि स्वतः बढतीच्या उंबरठ्यावर असलेले कर्मचारी यांच्यासाठी हा लेख आहे. त्याचं सांगणं एकच आहे. सुपरवायझर घडवायचं काम बढतीच्या आधी व्हायला हवं आणि पत्र त्या तयारीच्या शेवटी यायला हवं.

पाचपैकी एकच गोष्ट तो सोबत आणतो

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांपुढे हाच प्रश्न प्रचंड प्रमाणात उभा राहिला होता. अनुभवी माणसं सैन्यात गेली, शस्त्रास्त्रांचं उत्पादन वाढवायचं होतं आणि नवख्या कामगारांना सांभाळतील असे सुपरवायझर हाताशी नव्हते. त्यासाठी १९४० मध्ये ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा सरकारी उपक्रम सुरू झाला. १९४५ पर्यंत त्यातून सोळा लाखांहून अधिक लोकांना प्रशिक्षण मिळालं. युद्धानंतर हाच उपक्रम जपानमध्ये पोहोचला आणि टोयोटाने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तो स्वीकारला. आज आपल्याकडचे वाहनउद्योगाचे पुरवठादार ज्या प्रमाणित कार्यपद्धतीचे तक्ते भिंतीवर लावतात, त्यामागच्या विचाराचं एक मूळ इथे आहे.

या उपक्रमाने सुपरवायझरच्या पाच गरजा सांगितल्या: कामाचं ज्ञान, जबाबदारीचं ज्ञान, शिकवण्याचं कौशल्य, कामाची पद्धत सुधारण्याचं कौशल्य आणि माणसांना सोबत घेऊन चालण्याचं कौशल्य. आपण बढती देतो तो ऑपरेटर यातली पहिली गोष्ट सोबत घेऊन येतो. उरलेल्या चार त्याला कुणी तरी द्याव्या लागतात. तयारीचा आराखडा आखताना ही यादी समोर ठेवली तर काय शिकवायचं हा प्रश्न बराचसा सुटतो.

निवड करताना काय बघावं

सर्वांत जास्त उत्पादन काढणारा तोच सुपरवायझर, हा हिशेब सोपा वाटतो, पण तो फसवा आहे. अमेरिकेतल्या अनेक कंपन्यांच्या विक्री विभागांचा अभ्यास करून तीन अर्थतज्ज्ञांनी २०१९ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सर्वाधिक विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त असते, पण व्यवस्थापक म्हणून त्यांची कामगिरी तुलनेने कमी पडते, असं त्यात दिसलं. इतरांसोबत मिळून विक्री करायची सवय असलेले लोक पुढे चांगले व्यवस्थापक ठरले. गूगलने स्वतःच्या व्यवस्थापकांचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या व्यवस्थापकाचे आठ गुण हाती आले. त्यांत माणसांना घडवण्याची क्षमता पहिली होती आणि तांत्रिक ज्ञान आठवं. ते लागतंच, पण तेवढ्यावर भागत नाही.

म्हणून उत्पादनाच्या आकड्यांच्या जोडीला पुढचे प्रश्न विचारा. मशिन अडलं की आजूबाजूचे लोक कुणाला हाक मारतात? स्वतःच्या हातून पीस बिघडला तर कोण आपण होऊन सांगतो? शिफ्ट सुटताना पुढच्या माणसाला नीट माहिती देऊन कोण जातो? नव्या मुलाला शिकवताना कुणाचा आवाज चढत नाही? ही उत्तरं केबिनमध्ये मिळत नाहीत. दोन-तीन आठवडे फ्लोअरवर लक्ष ठेवा, आधीच्या सुपरवायझरशी बोला, गुणवत्ता आणि मेंटेनन्स विभागातल्या लोकांचं मत घ्या.

आणखी एक काळजी घ्या. मोठ्या आवाजात बोलणारा, साहेबांच्या पुढेमागे असणारा माणूस पटकन नजरेत भरतो. अबोल, नेटका, वेळेवर काम पुरं करणारा नजरेतून सुटतो. असेंब्ली लाइनवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत असं फार होतं. ‘तिला रात्रपाळी जमणार नाही’ हे परस्पर ठरवून टाकण्यापेक्षा तिलाच विचारा. रात्रपाळी असेल तर वाहतूक आणि सुरक्षेची व्यवस्था ही कंपनीची जबाबदारी आहे, तिच्या अपात्रतेचं कारण नव्हे.

आधी सगळं खरं सांगा

बढतीचा प्रस्ताव देताना बहुतेक वेळा मान आणि भवितव्य यांबद्दल बोललं जातं. पैसे, वेळ आणि कायदेशीर बदल यांबद्दल बोलणं राहून जातं आणि नंतर ते मनात खदखदत राहतं.

ओव्हरटाइमचंच घ्या. कामगाराला जादा तासांसाठी कायद्याने दुप्पट दराने वेतन मिळतं. सुपरवायझर झाल्यावर अनेक ठिकाणी ओव्हरटाइम बंद होतो, कामाचे तास मात्र वाढतात. सणाच्या आधीच्या महिन्यात हाताखालच्या ऑपरेटरच्या हातात सुपरवायझरपेक्षा जास्त पगार पडतो. हा हिशेब आधी कागदावर मांडा. गेल्या बारा महिन्यांत त्याच्या हाती सरासरी किती रक्कम आली आणि नव्या पदावर किती येईल, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवा. नवा आकडा कमी पडत असेल तर तो दुरुस्त करणं तुमचं काम आहे.

दुसरी गोष्ट कायद्यातल्या स्थानाची. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेनुसार पर्यवेक्षकाचं काम करणाऱ्या व्यक्तीचं वेतन महिन्याला १८,००० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर ती व्यक्ती ‘कामगार’ या व्याख्येत येत नाही. म्हणजे कामगार म्हणून असलेलं कायद्याचं संरक्षण तिच्यापुरतं बदलतं आणि युनियनशी असलेलं नातंही बदलतं. पंधरा वर्षं युनियनचा सभासद असलेल्या माणसासाठी ही मोठी गोष्ट असते. सही करण्याआधी त्याला ती समजलेली असली पाहिजे.

हे सगळं सांगितल्यावर त्याला आठवडाभर विचार करू द्या, घरच्यांशी बोलू द्या. आणि तो ‘नको’ म्हणाला तर ते मनापासून स्वीकारा. नकार दिल्याबद्दल त्याची वेतनवाढ अडली किंवा टोमणे सुरू झाले, तर पुढच्या माणसाकडून तुम्हाला खरं उत्तर कधीच मिळणार नाही.

सहा महिन्यांचा आराखडा

तयारीसाठी सहा महिने मिळाले तर उत्तम, चार मिळाले तरी बरंच साधतं. त्या काळात तो आपलं नेहमीचं काम करतच राहतो. फक्त आठवड्यातले काही तास या शिकण्यासाठी ठरवून राखून ठेवायचे आणि गर्दीच्या दिवसांतही ते कापायचे नाहीत.

पहिले दोन महिने बघण्याचे. त्याला सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगला बसवा. शिफ्ट सुरू होण्याआधी सुपरवायझर मनुष्यबळाची जुळवाजुळव कशी करतो, कच्चा माल कमी असेल तर स्टोअरशी कसं बोलतो, ग्राहकाची तक्रार आली की कारण कसं शोधलं जातं, हे त्याने शेजारी उभं राहून पाहावं. दर आठवड्याला अर्धा तास त्याच्याशी बोला. काय दिसलं, तू असतास तर काय केलं असतंस, एवढंच विचारा.

तिसऱ्या आणि चौथ्या महिन्यात छोटी, पण खरी जबाबदारी द्या. एक अ‍ॅप्रेंटिस त्याच्याकडे सोपवा आणि ठरलेल्या मुदतीत त्याला एक ऑपरेशन स्वतंत्रपणे करता आलं पाहिजे असं सांगा. सुपरवायझरकीची ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खरी परीक्षा आहे. त्याच सुमाराला शिफ्टच्या सुरुवातीची पाच मिनिटांची सुरक्षेची चर्चा त्याला घ्यायला लावा. चार माणसांपुढे उभं राहून बोलायची भीती इथेच मोडते.

पाचव्या आणि सहाव्या महिन्यात सुपरवायझर सुट्टीवर असेल तेव्हा शिफ्ट त्याच्याकडे द्या, आधी एक दिवस, मग सलग काही दिवस. या दिवसांचा भत्ता द्या आणि सगळ्यांना जाहीरपणे सांगा की आज निर्णय हा घेणार आहे. दिवस संपल्यावर चुकांबद्दल त्याच्याशी एकांतात बोला. शिफ्ट चालू असताना त्याच्या डोक्यावरून थेट कामगारांना सूचना दिल्या, तर महिन्यांची मेहनत पाच मिनिटांत वाया जाते.

चार गोष्टी ज्या शिकवाव्याच लागतात

*शिकवणं.* उत्तम ऑपरेटरला स्वतःचं काम शब्दांत मांडणं जड जातं, कारण ते त्याच्या हातात मुरलेलं असतं. ‘असं कर, बघ’ म्हणून तो करून दाखवतो आणि शिकणारा मान हलवतो. यावर ट्रेनिंग विदिन इंडस्ट्रीची चार पायऱ्यांची रीत आजही उत्तम काम करते. प्रथम शिकणाऱ्याला मोकळं करा आणि त्याला आधीच काय येतं ते जाणून घ्या. मग एकेक टप्पा सांगत करून दाखवा आणि नेमकी मेख कुठे आहे ते स्पष्ट करा. तिसऱ्या पायरीवर त्याच्याकडून करवून घ्या. करता करता हे असंच का करायचं, हे त्याला सांगायला लावा. शेवटी त्याला एकट्याने काम करू द्या, अडलं तर कुणाला विचारायचं ते सांगा आणि सुरुवातीला वारंवार, नंतर कमी कमी वेळा येऊन बघा. तुमच्या उमेदवाराने आपल्या लाइनवरच्या तीन ऑपरेशनसाठी टप्पे, मेख आणि कारण असा तीन रकान्यांचा तक्ता स्वतः लिहून काढावा. लिहिताना त्यालाच आपल्या कामाची नव्याने ओळख होते.

*माणसांचे प्रश्न हाताळणं.* समजा, कधी उशीर न करणारा ऑपरेटर आठवड्यात तिसऱ्यांदा उशिरा आला. नवा सुपरवायझर सर्वांसमोर झापतो किंवा काणाडोळा करतो, कारण त्याने स्वतः आजवर एवढंच पाहिलेलं असतं. त्याला चार पायऱ्यांची सवय लावा. आधी पूर्ण माहिती घ्यायची: हजेरीचा रेकॉर्ड, कंपनीचा नियम आणि त्या माणसाचं म्हणणं. मग सगळं एकत्र ठेवून पर्याय तोलायचे. मग कृती करायची आणि ती आपल्या अधिकारात आहे का, हे आधी तपासायचं. शेवटी काही दिवसांनी परिणाम पाहायचा. कदाचित कंपनीच्या बसचा मार्ग बदललेला असतो, कदाचित घरात कुणी आजारी असतं, कदाचित खरंच बेफिकिरी असते. तिन्ही प्रसंगांत करायची गोष्ट वेगळी आहे. लाइनवर घडलेले असे दहा-बारा प्रसंग नावं गाळून लिहून ठेवा आणि उमेदवारांशी त्यांवर चर्चा करा. बाहेरच्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा यातून जास्त शिकता येतं.

*लिहिणं आणि आकडे मांडणं.* आयटीआय करून आलेल्या अनेक गुणी माणसांच्या मनात इथे अढी असते. कामाची भीती नसते, ईमेलची असते. ती कुणी बोलून दाखवत नाही आणि बढतीनंतर एखादा डिप्लोमावाला ज्युनिअर गुपचूप मेल लिहून देतो. त्यापेक्षा आधीच तीन महिने शिकवा: शिफ्टचा अहवाल, एक्सेलमध्ये उत्पादन आणि रिजेक्शनची नोंद, थांबलेल्या मशिनबद्दलचा चार ओळींचा मेल. मराठीत लिहिलेला स्पष्ट अहवाल चालत असेल तर तो जरूर चालू द्या. कंत्राटी कामगारांत हिंदी, ओडिया किंवा भोजपुरी बोलणारे असतील तर सूचना त्यांना समजली का, हे त्यांच्याच तोंडून वदवून घेण्याची सवयही याच काळात लावा.

*कायद्याच्या मर्यादा.* सुपरवायझरला वकील करायचं नाही, पण कुठे थांबायचं ते त्याला माहीत हवं. एखाद्या स्त्री कर्मचाऱ्याने लैंगिक छळाबद्दल सांगितलं तर ‘आपसात मिटवून टाका’ म्हणण्याचा अधिकार त्याला नाही. २०१३च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे आणि तक्रार तिथेच जायला हवी. गोपनीयता पाळायची आणि तिला समितीपर्यंत पोहोचायला मदत करायची, एवढंच त्याचं काम. अपघाताचंही तसंच. जखम लहान असली तरी नोंद करायची. टार्गेट गाठण्यासाठी मशिनचं गार्ड काढायला सांगायचं नाही आणि वरून कुणी सांगितलं तर नकार द्यायचा. त्या नकारानंतर कंपनी त्याच्या मागे उभी राहील, हे त्याला मालकाच्या तोंडून ऐकायला मिळालं पाहिजे.

अधिकार कागदावर द्या

मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये एकेकाळी जॉबरच्या हाती सगळी सूत्रं असत. माणूस कामावर घेणं, बदली देणं, रजा मंजूर करणं, काढून टाकणं, सगळं तोच करी आणि त्यातून दस्तुरी उकळली जाई. शाही श्रम आयोगाने १९३१च्या अहवालात या व्यवस्थेवर टीका करून भरतीचे अधिकार जॉबरकडून काढून घ्यावेत, असं सुचवलं होतं. आज आपण अगदी दुसऱ्या टोकाला पोहोचलो आहोत. उत्पादनाची, हजेरीची, गुणवत्तेची जबाबदारी सुपरवायझरवर आणि दोन तासांची सुट्टी द्यायची तरी मॅनेजरांना फोन. अनिर्बंध अधिकार जितका घातक, तितकीच अधिकाराविना जबाबदारीही घातक.

म्हणून एका पानावर तीन याद्या करा. कोणते निर्णय तो स्वतः घेईल, कोणते घेऊन नंतर कळवेल आणि कोणते आधी विचारून घेईल. सदोष माल बनत असेल तर लाइन थांबवण्याचा अधिकार पहिल्या यादीत असू द्या. हे पान त्याच्या हाताखालच्या लोकांनाही दाखवा. मग ‘तुझ्या हातात काय आहे’ असं त्याला कुणी विचारणार नाही.

कालचे मित्र

या बदलातलं सर्वांत अवघड काम मनाचं असतं. कालपर्यंत ज्यांच्यासोबत डबा खाल्ला, ज्यांच्या दुचाकीवरून घरी गेलो, त्यांना आज काम सांगायचं असतं. ज्यांना ‘काका’ म्हणत काम शिकलो, त्यांची चूक दाखवायची असते. कुणी आपल्याच गावचा असतो आणि त्याला सोपं काम मिळेल अशी त्याची अपेक्षा असते.

यावर जादूचा उपाय नाही, पण आधी बोलून ठेवल्याने ओझं हलकं होतं. उमेदवाराला सांगा की ‘काका’ म्हणणं सोडायची गरज नाही. आदर ठेवून स्पष्ट बोलता येतं. ‘काका, हा गेज दर तासाला लावायचा आहे, सकाळपासून दोनदा राहिला’ हे वाक्य आदराचंही आहे आणि स्पष्टही आहे. डबा सोबत खायला हरकत नाही, पण रजा, ओव्हरटाइम आणि कामाची वाटणी सर्वांसाठी एकाच नियमाने आणि सर्वांना दिसेल अशी व्हायला हवी. ओव्हरटाइमची पाळी फळ्यावर लिहिली की निम्म्या कुरबुरी कमी होतात.

स्पर्धेत असूनही बढती न मिळालेल्या माणसाकडे तुम्ही स्वतः जा. त्याची निवड का झाली नाही आणि पुढे काय करता येईल, हे त्याला वरिष्ठांनीच सांगायचं असतं. ते काम नव्या सुपरवायझरवर ढकलू नका.

पत्रानंतरचे तीन महिने

तयारी चांगली झाली तरी पहिले तीन महिने आधार लागतो. पत्र देताना मॅनेजरांनी लाइनवर येऊन सर्वांसमोर नेमणूक जाहीर करावी. शक्य असेल तर पहिली नेमणूक दुसऱ्या लाइनवर किंवा दुसऱ्या शिफ्टमध्ये द्या. दुसऱ्या विभागातला एक अनुभवी सुपरवायझर त्याचा मार्गदर्शक म्हणून नेमा, ज्याच्याकडे तो मोकळेपणाने अडचण बोलू शकेल. पहिल्या महिन्यात उत्पादन थोडं कमी पडलं तर धीर धरा आणि तसं त्याला आधीच सांगून ठेवा. आठवड्यातून एकदा त्याच्याशी बोलताना आकड्यांच्या आधी विचारा: या आठवड्यात तू कुणाला काय शिकवलंस? हा प्रश्न नेमाने विचारला की आपलं खरं काम काय आहे, हे त्याला समजतं.

तरीही काहींना हे काम रुचत नाही. त्यांच्यासाठी सन्मानाची परतीची वाट आधीच ठरवून ठेवा. सहा महिन्यांनी दोघांनी बसून विचार करायचा आणि त्याला मूळ कामावर जायचं असेल तर पगार व ज्येष्ठता न गमावता जाता आलं पाहिजे. त्याचबरोबर ज्याला माणसं सांभाळण्यापेक्षा मशिनचं काम प्रिय आहे, त्याच्यासाठी वरिष्ठ तंत्रज्ञ किंवा प्रशिक्षक अशी वेतनवाढीची स्वतंत्र शिडी ठेवा. जास्त पगारासाठी सुपरवायझरच व्हावं लागतं अशी व्यवस्था असेल, तर चुकीची माणसं त्या जागेसाठी रांगेत उभी राहणारच.

छोट्या कारखान्यांसाठी

तीस-चाळीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये एचआर विभाग नसतो, प्रशिक्षणाचं बजेट नसतं. तरी वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना मालकाचा आठवड्यातला एक तास आणि एक वही पुरते. एक अ‍ॅप्रेंटिस सोपवणं, सुपरवायझरच्या सुट्टीच्या दिवशी शिफ्ट देणं, अधिकारांचं एक पान लिहिणं, पगाराचे दोन आकडे दाखवणं, यांतल्या कशालाच फारसा पैसा लागत नाही. शेजारच्या चार-पाच कारखानदारांनी एकत्र येऊन महिन्यातून एक शनिवार आपापल्या उमेदवारांना एकत्र बसवलं, तर चर्चेसाठी वेगवेगळे प्रसंगही मिळतात.

सुरुवात आजच करता येईल. तुमच्या प्रत्येक सुपरवायझरचं नाव लिहा आणि त्यापुढे लिहा, हा माणूस उद्या गेला तर त्याची जागा कोण घेईल आणि त्याची तयारी आज कुठवर आली आहे. ज्या नावापुढची जागा कोरी राहील, तिथला उमेदवार या आठवड्यात निवडा आणि त्याच्याशी बोला. कामगाराला कंपनी रोज भेटते ती सुपरवायझरच्या रूपाने. धोरणं कितीही चांगली असली तरी त्याला मिळणारी वागणूक, शिकायला मिळणारं काम आणि सुरक्षितपणे घरी परतण्याची खात्री या माणसाच्या हातून येते. त्या जागी माणूस पाठवण्याआधी त्याला घडवायला वेळ देणं, हे मालकाचं आपल्या प्रत्येक कामगाराप्रती असलेलं कर्तव्य आहे.